देव कुणकेश्वरला, कौल गावात

मालवणला होमस्टे ठरवला आणि मालकानं आयत्या वेळी रद्द केला, अशा रडकथा मी हल्ली फार वाचते. लगेच तुम्ही त्याचे तारे कापता, लांबलचक तक्रार लिहिता आणि संध्याकाळी शेजारच्या रिसॉर्टवर सुरमई खातानाचे फोटो टाकता. केवढं सोसता हो तुम्ही लोक. म्हणून म्हटलं, आमच्या वेळी घर रद्द कसं व्हायचं ते एकदा लिहून टाकावं, म्हणजे पुढच्या वेळी तुमच्या सुरमईला जरा जास्त चव येईल.

साठ साल नुकतंच उलटलं होतं. सिंधुदुर्ग जिल्हा अजून जन्माला यायचा होता, मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. आम्ही दादरला एका खोलीत राहायचो. तिला एक खिडकी होती आणि ती शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. आमचे हे छापखान्यात खिळे जुळवायचे. वर्षभर मिरजेला होते आणि आता सुटायचे होते. 'मिरजेला होते' म्हणजे काय, हे त्या काळी कुणाला समजावून सांगावं लागत नसे. क्षयाचा माणूस मिरजेला जायचा, आणि त्यातले काही परत यायचे. हे परत येणार होते, थुंकी साफ असल्याचा दाखला घेऊन. पण तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की, त्या कोंदट खोलीत एवढ्यात नेऊ नका, दोन महिने समुद्राकाठी ठेवा, नाहीतर पुन्हा इथेच भेटू. ते पुन्हा भेटणं मला नको होतं. नवरा जिवंत हवा होता, बाकी माझी काही मागणी नव्हती.

घर मिळालं ते ओळखीतून. मालवणच्या उत्तरेला समुद्राकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात. तिथले आबा परुळेकर कामानिमित्त मुंबईला आले होते. त्यांच्या राहत्या घराला लागून दुसरं एक घर रिकामं होतं. मी म्हटलं, यजमान अशक्त आहेत, हवापालट हवाय. खोटं काय होतं त्यात? अशक्त होतेच. आबा म्हणाले, आमच्याकडची हवा अशी की खाटेवरचा माणूस आठवड्यात माडावर चढतो. मग त्यांनी स्वतः स्टॅम्प पेपर आणला आणि कलमं सांगायला बसले. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. फणसाला हात लावायचा नाही. विहिरीवर साबण नाही. आणि शेवटचं कलम त्यांनी आपणहून घातलं, वर मला समजावलंही, 'घरमालक कोणत्याही सबबीवर सदर मुदतीत घर नाकारणार नाही. हे तुमच्या हिताचं आहे बाई, लोक फार लबाड असतात.' दोन साक्षीदार, दोन सह्या, भाडं आगाऊ. मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली.

प्रवास बोटीनं केला. एसटीनं कोल्हापूर गाठून फोंड्याचा घाट उतरता आला असता, पण त्या रस्त्यानं धडधाकट माणसाचीही हाडं सुटी होत. बोट सकाळी मुंबईहून निघायची ती बंदरं घेत घेत दुसऱ्या दिवशी मालवणला टेकायची. टेकायची म्हणजे लांब समुद्रात उभी राहायची. डेकच्या तिकिटात तुम्हाला मिळायची ती आपण वळकटी पसरू तेवढी जागा. ती मिळवण्यासाठी वळकटी आधी फेकायची आणि मग माणसानं जायचं, हा नियम. मी फेकली ती नेमकी एका जाड्या बाईंच्या मांडीवर पडली, त्यामुळे ओळख लवकर झाली. त्या देवगडला उतरणार होत्या.

'घोव काय तुझो?' त्यांनी ह्यांच्याकडे बघत विचारलं. 'बारीक कित्याक इतको?'

'पहिल्यापासून तसेच आहेत,' मी म्हटलं.

'वर्षभर मिरजेला होतो,' हे म्हणाले.

बाईंनी वळकटी उचलून माझ्या हातात दिली आणि स्वतः पलीकडे इंजिनाच्या बाजूला जाऊन बसल्या. आम्हाला पाय पसरायला ऐसपैस जागा झाली. मी ह्यांना दबक्या आवाजात म्हटलं, 'विचारलं म्हणून सगळं सांगायलाच पाहिजे का?' हे म्हणाले, 'विचारलं म्हणूनच सांगितलं. न विचारता कुठे सांगतो?' असल्या माणसाशी संसार करायचा होता.

मालवणला बोट उभी राहिली की होड्या येऊन बिलगायच्या. हलत्या शिडीवरून हलत्या होडीत उतरायचं, समोर किल्ला, खाली काचेसारखं पाणी. तुम्ही आता याच पाण्यात पैसे भरून बुड्या मारता. आम्हाला ते नुसतं ओलांडायला मिळालं तरी पुष्कळ वाटलं. धक्क्यावर आबा स्वतः हजर. हार नव्हता एवढंच.

'येवा, येवा. घर तुमचाच आसा,' त्यांनी ह्यांची पिशवी हातातून काढून घेतली. बैलगाडी ठरवली होती, गाडीत गवताची गादी, वर चटई. वाटेत शहाळी फोडून दिली. खाडीवर तरीच्या होडीत बसताना ह्यांना दंडाला धरून बसवलं. मला भरून आलं होतं. माणसं अशी असतात म्हणून कोकण कोकण आहे, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

खाडी उतरून दुसऱ्या गाडीत बसल्यावर आबांनी सहज विचारलं, 'दवापाणी खंय चालला होता?'

मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

'मिरजेला,' हे म्हणाले. 'पण आता साफ आहे. दाखला आहे माझ्याकडे.'

आबांनी दाखला पाहिला नाही. ते गाडीतून उतरले आणि उरलेली वाट बैलाच्या पलीकडच्या बाजूनं चालत आले. पाय मोकळे करायचे होते म्हणे.

गावात शिरलो तर सामसूम. दारं ओढलेली, अंगणात कोंबड्या, माणूस दिसेना. घर मात्र खरंच देखणं होतं. पडवीतून समुद्र दिसायचा, वारा असा की पदर आवरेना. कुलूप लटकत होतं. आम्ही पायरीवर सामान ठेवलं. आबा अंगणातच थांबले, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं, आणि एकदम शुद्ध मराठीत बोलू लागले. तिथल्या माणसांशी थोडी ओळख असेल तर तुम्हाला हे ठाऊक असेल. माणूस मालवणीतून शुद्ध मराठीत आला की समजायचं, आपलं काम आता होत नाही.

'त्याचं असं आहे बाई,' आबा म्हणाले, 'आमच्या गावात परक्याला घर देण्याआधी ग्रामदेवतेचा कौल घ्यावा लागतो. प्रथाच आहे तशी. मी काल घेतला. डावा झाला. आता देवच नको म्हणतो म्हटल्यावर मी पामरानं काय करावं? माझी फार इच्छा होती.'

मी करारातलं शेवटचं कलम म्हणून दाखवलं. मला ते पाठ होतं.

'कोणत्याही सबबीवर, असं आहे खरं,' आबा म्हणाले. 'पण देव म्हणजे काय सबब आहे का?'

पुढची परतीची बोट लगेच नव्हती. ऊन चढलं होतं. हे पायरीवर बसले होते आणि त्यांचा श्वास मला उभ्यानं ऐकू येत होता. मला त्या क्षणी आबांचा राग आला, ह्यांचा त्याहून जास्त आला, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटली. ती भिंतीवर उघडणारी खिडकी डोळ्यांपुढून हलेना.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला. 'काल? काल कौल घेतल्यान कोणी, आबा?'

एक बाई सुके बांगडे वाळत घालत उभी होती. गळ्यात क्रूस, लुगडं गुडघ्याशी खोचलेलं. ही कार्मेलीन. तिचा नवरा बोटीवर खलाशी, आणि ती शेती, डुकरं आणि अख्ख्या वाडीची भांडणं एकटी सांभाळायची.

'तू मधी पडा नको,' आबा एका दमात मालवणीत परतले. 'तू किरिस्तांव. तुका कौलातला काय समाजता?'

'माका काय समाजूचा नाय,' कार्मेलीन म्हणाली. 'पण देव कुणकेश्वराक न्हांवक गेलो तो माझ्याच दारावरसून गेलो. तरंगां गेली, गुरव गेलो, मानकरी गेले, सगळो गाव गेलो. तू पायात काटो मोडलो म्हणान मागे रवलंस. मगे देवळात कौल लायलो कोणी? तू की कुत्र्यान?'

इथे थोडं समजावून सांगते. शिवरात्रीला कुणकेश्वरला आसपासच्या गावांचे देव समुद्रस्नानाला जातात. दरवर्षी सगळे जात नाहीत, ज्याला हुकूम होईल तो जातो. देव म्हणजे त्याची तरंगं, उंच काठ्यांना वस्त्रं गुंडाळून वर मुखवटे, आणि त्यांच्यामागे ढोल वाजवत चालत जाणारा गाव. कौल लावायचा तर गुरव लागतो, मानकरी समोर लागतात. थोडक्यात, आबांनी आमच्याविरुद्ध ज्याची साक्ष काढली होती, तो साक्षीदार त्या दिवशी गावातच नव्हता. मुंबईच्या माणसांना हे कुठून कळणार, हा त्यांचा हिशोब बरोबर होता. गावात मागे राहिलेली कार्मेलीन मात्र त्यांनी माणसांत धरलीच नव्हती.

आबांनी पायातला काटा काढायला घरी जायचं ठरवलं. गेले ते दार लावून.

कार्मेलीन कुंपणाशी आली आणि ह्यांच्याकडे नीट बघून म्हणाली, 'काय झाला तुका?'

मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी सांगून टाकलं. तिनं दाखला मागितला. वाचता येत नव्हतं तरी उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, 'माका भिया वाटता. खोटा कित्याक सांगू? घरात पोरां आसत. खाट पडवेर टाकतलंय, ताट-वाटी येगळी, कपडे तुमीच धुवा. पण उन्हात बसा नको. येवा हंय.'

मला ते वेगळं ताट टोचलं. ह्यांना नाही टोचलं. पडवीवर खाट पडताच हे आडवे झाले आणि अशी झोप लागली की मी दोनदा छातीवर हात ठेवून पाहिला.

पुढचे दिवस देव परतायची वाट बघण्यात गेले. आबा रोज लांबून विचारायचे, 'मग, बोट खंयची धरतास?' मी म्हणायची, 'देवाला विचारून सांगते.' खरं तर मला धास्ती वाटत होती. कार्मेलीननं आम्हाला देव येईपर्यंत म्हणून ठेवलं होतं. पुढचं ती बोलली नव्हती.

देव आला तो ढोलांच्या आवाजात, सगळा गाव पाय सुजवून मागे. कार्मेलीन वाटेतच उभी राहिली आणि तिनं गुरवाला जे सांगितलं ते पार पुढच्या वाडीपर्यंत गेलं. आता गंमत बघा. आबांनी स्टॅम्प पेपरवरची सही मोडली, आजाऱ्याला पायरीवर बसवलं, याचं कुणाला काही वाटलं नाही. ते काय, घर त्याचं, मर्जी त्याची. पण देवाच्या नावानं न लावलेला कौल सांगितला म्हटल्यावर दमलेला गाव ताठ उभा राहिला. माझा करार कुणी हातात धरला नाही. आबांना मात्र दंडाला धरून देवळात नेलं, काट्यासकट.

आम्ही सभामंडपात एका कडेला बसलो. कार्मेलीन बाहेर पायरीशी. गुरवानं देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नको. आणि त्यानं गाऱ्हाणं सुरू केलं.

'बा देवा म्हाराजा, तू न्हांवक गेल्लंस, आणि मागसून आबान तुझ्या नावान कौल सांगल्यान.'

'होय म्हाराजा,' सगळे म्हणाले. आबासुद्धा म्हणाले, सवयीनं.

'ताका माफी कर. आणि ह्या परगावच्या माणसांका आबाच्या घरात रवाक दिवचा की नको, ता आता तूच सांग रे म्हाराजा.'

'होय म्हाराजा.'

मी आयुष्यात कधी नवस बोलले नव्हते, पण त्या उजव्या पाकळीकडे मी अशी बघत होते की ती माझ्या धाकानं पडावी. पडली ती डावी.

आबांचा चेहरा असा फुलला, जणू त्यांना मूल झालं असावं. 'मी काय सांगी होतंय?' ते मानकऱ्यांकडे वळून म्हणाले. 'देवाचा मन माका आधीच कळता.' आणि माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत, 'बाई, आता तरी पटलं?'

ह्यांनी माझा हात धरला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. साक्षात देवानं हाकलल्यावर लाज कुणाची धरायची?

'गुरवा,' बाहेरून कार्मेलीन ओरडली, 'आबाच्या घराचो कौल झालो मा? आता माझ्या घराचो इचार.'

मंडपात कुजबुज. एक म्हातारे मानकरी म्हणाले, 'कार्मेलीन, तू आपल्या देवाक इचार गो.'

'माझो देव कधी नको म्हणना नाय,' ती म्हणाली, 'म्हणान तुमच्या देवाक इचारतंय. घरात पोरां आसत माझी. सांगांदे तेका.'

गुरवानं पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा होय म्हाराजा. या वेळी वेळ लागला. ढोलवाले बसूनच पेंगायला लागले. मग उजवी पडली. आबांच्या घरात नको, कार्मेलीनच्या घरात चालेल. मला एवढंच वाटलं की त्या देवाची आबांशी आमच्यापेक्षा जुनी ओळख असावी.

आबांनी आगाऊ भाडं सगळं परत केलं, हे कबूल करते. कार्मेलीननं तेवढंच घेतलं, एक पैसा कमी नाही. ती काही संत नव्हती, भोपळ्याची वेल चढवायला माझ्याकडून मांडव घालून घेतला.

तर त्या दोन महिन्यांबद्दल, तुम्ही जाणार असाल म्हणून. सकाळी पेज घ्या, उकड्या तांदळाची, सोबत भाजलेला सुका बांगडा. दुपारी कुळथाची पिठी आणि भात. अंडी घरचीच मागा. सासूबाईंना मी 'शेजारी जेवण ठरवलंय' एवढंच कळवलं होतं, शेजार कुणाचा ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. हे आधी पडवीतून अंगणात, मग अंगणातून वाळूपर्यंत, मग वाळूवरून रापण ओढणाऱ्यांपर्यंत चालायला लागले. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं. शिमग्याला त्यांनी सोंगात नाचायचा हट्ट धरला, तो मी आणि कार्मेलीननं मिळून मोडला. वेगळं ताट कधी बंद झालं ते मला आठवत नाही. एक दिवस पाहिलं तर धाकटा पोरगा ह्यांच्या पानातला बांगडा उचलून पळत होता आणि कार्मेलीन फक्त बांगड्यासाठी ओरडत होती.

निघताना आबा धक्क्यावर आले. ह्यांचे गाल भरले होते. आबा अगदी जवळ येऊन म्हणाले, 'पुढल्या वर्षी येवा. घर तुमचाच आसा.' कार्मेलीन आली नव्हती. तिची म्हैस व्यायली होती.

दादरला परतल्यावर डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, साफ आहे म्हणाले, पण ती खोली सोडा म्हणून पुन्हा बजावलं. मग आम्ही खोल्या बघायला लागलो. वारा चांगला असला की भाडं वाईट, भाडं चांगलं असलं की संडास वाईट. शेवटी पार्ल्याला एक खोली मिळाली, वरच्या मजल्यावर, दोन खिडक्या, दोन्ही आभाळावर उघडणाऱ्या. मालक सज्जन, चहा विचारला. करार तयार, पेनाचं टोपण काढलेलं. सही करता करता त्यांनी ह्यांच्याकडे बघून विचारलं, 'तब्येत नाजूक दिसते. आजारी होतात का?'

ह्यांनी तोंड उघडलं. पण त्याआधी मीच म्हटलं, 'मिरजेला होते. वर्षभर. आता बरे आहेत.'

मालकांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांना आठवलं की ही खोली पुतण्याला कबूल केलेली आहे, पुतण्याचं लग्न ठरतंय, बहुतेक ठरलंच आहे. पुतण्या बिचारा त्या एका वाक्यातच जन्मला आणि त्यातच वाढला. आम्ही उठलो.

जिन्यात हे हसायला लागले. कठड्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, छाती भरून हसत होते. 'तू?' म्हणत होते, 'तू सांगितलंस?' मी त्यांच्या मागून उतरत होते आणि कान देऊन ऐकत होते. तळमजला आला तरी खोकला आला नाही.